टूडी इको झालाय, मग थ्रीडी कशाला?

नागपुरात धंतोलीत, रामदासपेठेत किंवा मेडिकलच्या सुपरस्पेशालिटीत इकोच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याच्या तपासणीच्या, खोलीबाहेर जरा वेळ बसलं की हा प्रश्न हमखास कानावर येतो. चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘थ्रीडी इको’ लिहिलेलं असतं आणि फाइल सांभाळणारा मुलगा किंवा जावई विचारतो, “आत्ताच तर टूडी झाला ना सर, त्यात नाही दिसलं काय?” याच्या उलटही असतं. कसलाच त्रास नसलेला, कंपनीच्या चेकअपसाठी आलेला चाळिशीतला माणूस म्हणतो, “थ्रीडीच करून टाका, पैशाचं पाहून घेऊ.” दोघांचीही समजूत एकच असते: थ्रीडी म्हणजे टूडीचीच नवी, महाग आणि जास्त स्वच्छ आवृत्ती.

तसं नाही. नुसत्या स्वच्छतेचं म्हणाल तर थ्रीडीचं चित्र बरेचदा टूडीपेक्षा ढोबळच असतं. मी दिवसभर हेच काम करतो आणि इकोच्या टेबलावर येणाऱ्या बहुतेकांना थ्रीडीची काही गरज नसते. पंपिंग कसं आहे, भिंती नीट हलतात का, भोवती पाणी साचलंय का, याची उत्तरं साधा टूडी देतो. प्रश्न झडपेचा असेल, त्यातही झडपेवर काहीतरी करायचं घाटत असेल, तेव्हा मात्र थ्रीडीला पर्याय राहत नाही. तो का, हे समजायला आधी झडप पाहावी लागते.

रेघ, काप, ठोकळा

इकोचा जन्मच मुळात झडपेपायी झाला. स्वीडनमधल्या लुंड गावात इंगे एडलर नावाचे हृदयतज्ज्ञ होते. अरुंद झालेली मायट्रल झडप शस्त्रक्रियेने मोकळी करण्याचे ते सुरुवातीचे दिवस. झडप नुसती अरुंद आहे की गळतेसुद्धा, हे छाती उघडण्याआधी खात्रीने कळायचं नाही. एडलरांनी हेल्मुथ हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाला गाठलं. जहाजाच्या कारखान्यात धातूतले दोष शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. माल्मोच्या गोदीतलं तसं यंत्र उसनं मिळवून दोघांनी ते हृदयावर लावून पाहिलं. साल १९५३.

त्या यंत्राला एकच रेघ दिसायची. छातीवर जिथे प्रोब, म्हणजे आवाज सोडणारा आणि ऐकणारा दांडा, ठेवला तिथून सरळ आत जाणारी, आणि त्या रेघेवर झडपेचा एक बिंदू ठोक्याबरोबर खालीवर होताना. तेवढ्यावरसुद्धा झडप अरुंद आहे का ते ओळखता येऊ लागलं. १९७० च्या दशकात रेघांची रांग लावून पूर्ण काप दिसायला लागला, तोच आजचा टूडी. काप एकावर एक न रचता अख्खा ठोकळा एकदम पकडायचं तंत्र अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ओलाफ फॉन राम यांच्या गटाने १९९० च्या सुमारास दाखवलं, आणि रोजच्या वापराजोगी यंत्रं यायला त्यानंतर दहा-बारा वर्षं गेली.

आता झडप. हृदयात चार झडपा आहेत. या लेखात जास्त बोलायचं ते मायट्रलबद्दल. फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त डाव्या वरच्या कप्प्यात जमतं, तिथून खालच्या मोठ्या कप्प्यात उतरतं, आणि या दोहोंच्या मधे मायट्रल बसलेली आहे. तिला दोन पाकळ्या. पुढची रुंद आणि उंच. मागची बुटकी, पण कड्याचा जास्त घेर व्यापणारी. मागच्या पाकळीला दोन खाचा असतात, त्यामुळे तिचे तीन भाग पडतात. फ्रेंच शल्यविशारद आलां कार्पांतिए यांनी त्यांना पी-वन, पी-टू, पी-थ्री अशी नावं दिली आणि समोरच्या पाकळीचे त्याला जोडून ए-वन, ए-टू, ए-थ्री केले. जगभरचे कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन आज याच भाषेत बोलतात. पाकळ्यांच्या कडांना खालून बारीक दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्या दोऱ्या खालच्या कप्प्याच्या भिंतीतून उगवलेल्या दोन स्नायूंना अडकवलेल्या. कप्पा आकसला की पाकळ्या मिटतात. दोऱ्या त्यांना वर उलटू देत नाहीत. दिवसाला सुमारे एक लाख वेळा.

म्हणजे ‘झडप’ हा एक सुटा भाग नाही. कडं, दोन पाकळ्या, दोऱ्या, स्नायू आणि ते स्नायू ज्या भिंतीवर आहेत ती भिंत, हे सगळं मिळून झडप. यातलं काहीही बिघडलं तरी ती गळू शकते. हार्ट अटॅकनंतर पाकळ्या अगदी धडधाकट असूनही झडप गळायला लागते, कारण भिंत फुगून दोऱ्या खाली ओढल्या जातात. “व्हॉल्व्ह खराब झाला” या तीन शब्दांत काय काय मावतं ते यावरून ध्यानात यावं.

काप चुकीचा नसतो, अपुरा असतो

टूडीमध्ये आपल्याला या सगळ्याचा एक पातळ काप दिसतो. अनुभवी माणूस प्रोब फिरवत, कलवत पाच-सात काप पाहतो आणि डोक्यात झडप उभी करतो. हे कौशल्य मोठं आहे, आणि त्यावर कित्येक दशकं निदानं झाली. पण डोक्यात उभी केलेली वस्तू कागदावर मोजता येत नाही. शिवाय काही वेळा काप सरळ सरळ फसवतो.

याचा सगळ्यात चांगला दाखला मायट्रलच्या कड्याचा. हे कडं सपाट असतं असं बराच काळ गृहीत धरलं होतं. सपाट कड्याच्या पातळीपेक्षा पाकळी वरच्या कप्प्यात फुगली की निदान करायचं, ‘मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स’. १९७० आणि ८० च्या दशकात हे निदान इतक्या ठणठणीत तरुण माणसांत, विशेषतः मुलींत, होऊ लागलं की आजार मानावा की माणसाचा स्वभाव, असा प्रश्न पडावा. बॉस्टनच्या रॉबर्ट लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये आणि पुढे १९८९ मध्ये कापांची संगणकावर त्रिमिती जुळणी करून दाखवलं की कडं सपाट नाही, खोगिरासारखं आहे: पुढची-मागची बाजू उंच, डावी-उजवी खोल. ज्या कापात कड्याच्या खोल बाजू येतात त्या कापात चांगली पाकळीसुद्धा कड्याच्या वर गेल्यासारखी दिसते. पाकळी जागच्या जागी होती. काप घेण्याची जागा तेवढी फसवी होती.

निकष बदलले. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या लोकांची नव्या निकषांनी तपासणी झाली तेव्हा प्रोलॅप्सचं प्रमाण २.४ टक्के निघालं. त्याआधीचे आकडे याच्या कित्येक पट होते. थोडक्यात, मोठ्या संख्येने माणसांच्या अंगावरचा आजाराचा शिक्का निव्वळ भूमितीने पुसला गेला. आजही कुणी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला रिपोर्ट घेऊन येतं, त्यावर ‘माइल्ड एमव्हीपी’ असतं, आणि त्या तीन अक्षरांपायी माणूस आयुष्यभर जिना चढताना छातीवर हात ठेवत आलेला असतो. बऱ्याचदा पाहावं तर झडप छान असते.

यंत्राला वेळ पुरत नाही

मग सगळ्यांचाच ठोकळा का घेत नाही? इथे आवाजाचा वेग आडवा येतो, आणि त्याला कुठल्याच कंपनीकडे इलाज नाही.

शरीरात आवाज सेकंदाला साधारण १,५४० मीटर जातो. प्रोबपासून १६ सेंटिमीटर खोलवर पाहायचं तर जाऊन-येऊन ३२ सेंटिमीटर. एक रेघ पूर्ण व्हायला सेकंदाचा सुमारे पाच हजारावा भाग लागतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ४,८०० रेघा. टूडीचा एक काप शंभरेक रेघांत होतो, तर सेकंदाला ४८ चित्रं मिळाली. झडपेची उघडझाप पाहायला उत्तम. ठोकळ्यासाठी मात्र ६० रेघा आडव्या आणि ६० उभ्या धरल्या तरी ३,६०० रेघा झाल्या. सेकंदाला सव्वा ते दीड ठोकळा. तेवढ्या वेळात हृदयाचा एक ठोका होऊन जातो! झडप उघडली कधी, मिटली कधी, पत्ताच लागायचा नाही.

यावर तोडगे काढले आहेत. जुन्या प्रोबमध्ये ६४ ते १२८ स्फटिकांची एक ओळ असायची. थ्रीडीच्या प्रोबमध्ये दोन-तीन हजार स्फटिक चौकोनी जाळ्यात बसवतात, त्यामुळे प्रोब न हलवता आवाजाचा झोत दोन्ही दिशांना वळवता येतो. एक आवाज सोडून अनेक रेघांचे प्रतिध्वनी एकाच वेळी ऐकले जातात. ठोकळा लहान करता येतो, म्हणजे अख्खं हृदय न घेता फक्त झडप. आणि चौथा उपाय, जोडकाम: एका ठोक्यात ठोकळ्याची एक फाक, पुढच्या ठोक्यात दुसरी, असं दोन, चार किंवा सहा ठोक्यांत मिळवून ईसीजीच्या आधाराने फाका शेजारीशेजारी लावायच्या.

या जोडकामाची अट अशी की त्या चार-सहा ठोक्यांत कुणीही हलायचं नाही. पेशंटने नाही, प्रोब धरणाऱ्या हाताने नाही, आणि ठोकेही एकसारखे पडायला हवेत. म्हणून तर आम्ही सारखे “दम धरा” म्हणत असतो. धाप लागलेल्या माणसाला दम धरायला सांगणं हा या तपासणीतला सगळ्यात अवघड भाग आहे, असं माझं मत आहे. ठोके अनियमित असतील, ज्याला एएफ म्हणतात, तर फाका जुळत नाहीत आणि चित्रात मधोमध पायरी पडल्यासारखी दिसते. मायट्रलच्या जुन्या पेशंटांत एएफ नेमकं खूप असतं. मग एकाच ठोक्यातला लहान, थोडा भरड ठोकळा घेऊन काम भागवावं लागतं. आकार, बारकावा आणि वेग या तिघांत कायम ओढाताण. एक वाढवलं की बाकीची दोन घटतात. यंत्रावरचं बटण कोणाच्या बाजूने फिरवायचं हे समोरच्या झडपेचा प्रश्न काय आहे त्यावर ठरवायचं.

विदर्भातली मायट्रल

मोठ्या शहरांतल्या खासगी दवाखान्यांत झडपेचे पेशंट आता बरेचसे म्हातारे, झडपेवर चुना (कॅल्शियम) साचलेले असतात. नागपुरात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि सीमेपलीकडून बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याहून माणसं येतात. त्यांत अजूनही संधिवाताच्या तापाने, म्हणजे ऱ्हुमॅटिक तापाने, बिघडलेल्या झडपा पाहायला मिळतात. लहानपणी, साधारण ५ ते १५ या वयात, घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूची लागण होते. घसा बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप आणि सांधे धरतात, तेही बरे होतात. पण जंतूशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच झडपांवर उलटलेली असते. पुढे कित्येक वर्षांत पाकळ्या जाड होतात, त्यांचे कोपरे एकमेकांना चिकटतात, दोऱ्या आखडून एकमेकींत गुंततात. चिकटलेल्या पाकळ्या पूर्ण उघडत नाहीत. चांगल्या मायट्रलचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं, ते १.५ किंवा त्याहून कमी झालं की आजार गंभीर धरतात.

अशी एक बाई डोळ्यांसमोर आणा. आमच्याकडे येणाऱ्या अनेकींसारखी. वय चौतिशीचं, गाव आरमोरीकडचं. दोन वर्षांपासून रोवणीच्या दिवसांत दम लागतो. “वाकली का दम भरते जी, अन् रात्री उशी दोन लागते.” गावाजवळच्या दवाखान्यात टूडी झालेला, झडपेचं तोंड १.७. मधल्या प्रतीचा आजार, गोळ्या चालू. तक्रार मात्र १.७ ला शोभेलशी नाही.

१.७ आलं कसं? अरुंद झालेली मायट्रल नरसाळ्यासारखी असते: वर कड्यापाशी रुंद, खाली पाकळ्यांच्या टोकांशी चिंचोळी. रक्ताची अडवणूक होते ती खालच्या टोकाशी, त्यामुळे मोजायचं तेच तोंड. टूडीत आडवा काप घेऊन त्याच्या आतली कड कर्सरने गिरवतात. काप अर्धा सेंटिमीटर वर गेला की नरसाळ्याचा रुंद भाग मोजला जातो. काप तिरका पडला तरी गोल तोंड लांबट आणि मोठं दिसतं. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, आजार कमी दाखवणाऱ्या. आणि कितीही हात बसलेला असला तरी नेमक्या टोकाशी, नेमक्या काटकोनात आलो की नाही हे टूडीत त्याच कापावरून कळायला मार्ग नाही.

थ्रीडीत मी झडपेचा ठोकळा पकडतो. बाई डाव्या कुशीवर, छातीला ईसीजीचे तीन स्टिकर, टेक्निशियन म्हणतो, “ताई, श्वास घ्या... सोडा... आता थांबा, हलू नका.” चार ठोके. “हं, घ्या आता.” एवढंच तिचं काम. पुढचं सगळं ती उठून बसल्यावर, स्क्रीनवर. ठोकळ्यातून एक उभा काप काढतो, त्याला काटकोनात दुसरा उभा. दोन्हीत नरसाळं दिसतंय. तिसरी आडवी रेघ पकडून दोन्ही चित्रांत ती खाली खाली सरकवत नेतो, पाकळ्यांच्या अगदी टोकाला टेकेपर्यंत, आणि ती दोन्हीकडे प्रवाहाला आडवी बसली की नाही ते पाहतो. झडप सर्वांत जास्त उघडते तो क्षण थांबवतो. आता तिसऱ्या खिडकीत जे तोंड दिसतं ते खरं तोंड. कड गिरवली: १.२.

१.७ आणि १.२ यांत गोळ्या आणि बलून एवढा फरक आहे. बलून म्हणजे जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन, दोन कप्प्यांमधल्या पडद्यातून पलीकडे जाऊन, झडपेत फुगा फुगवायचा आणि चिकटलेले कोपरे सोडवायचे. जपानच्या कांजी इनोऊए यांनी तो पहिल्यांदा १९८२ मध्ये केला. छाती उघडावी लागत नाही, झडप स्वतःचीच राहते. पण बलून सगळ्याच झडपांना चालत नाही. पाकळ्या किती लवचीक आहेत, किती जाड, चुना किती, दोऱ्या किती आखडल्या, या चारही गोष्टींना प्रत्येकी १ ते ४ गुण देण्याची पद्धत आहे. बेरीज ८ किंवा कमी आली तर बलून चांगला बसण्याची शक्यता जास्त. यात न मावणारी एक गोष्ट थ्रीडीत समोरून पाहिल्यावर लगेच दिसते. दोन्ही कोपरे सारखेच चिकटलेत का, की एकात चुना साचून दगड झालाय? एक कोपरा दगड असेल तर फुग्याचा सगळा जोर दुसरीकडे जातो, कोपरा सुटण्याऐवजी पाकळी फाटते आणि अरुंद झडपेची एकाएकी गळकी झडप होते. मग धावपळीत ऑपरेशन.

बलून झाल्यावर लगेच किती मोकळं झालं हे पाहायलाही थ्रीडी उपयोगी पडतो. एरवी डॉप्लरवर रक्ताचा वेग किती चटकन उतरतो त्यावरून तोंडाचा हिशेब करतात. बलूननंतर वरच्या कप्प्यातला दाब अचानक पडलेला असतो आणि तो हिशेब काही काळ विश्वासाचा राहत नाही. समोरून तोंड गिरवलं की दाबाचा संबंधच उरत नाही.

गळणाऱ्या झडपेचा सर्जनला नकाशा

गळक्या मायट्रलची गोष्ट वेगळी. इथे किती गळते याइतकंच कुठून गळते हे महत्त्वाचं. मागच्या पाकळीच्या मधल्या भागाची, पी-टूची, दोरी तुटली असेल तर दुरुस्ती बऱ्यापैकी सोपी आणि टिकाऊ. दोन्ही पाकळ्यांचे बरेच भाग सैल असतील तर फार सराव असलेला हात लागतो. दुरुस्ती झाली तर पेशंटची स्वतःची झडप राहते. बदलली तर एक तर धातूची, मग जन्मभर रक्त पातळ करणारी गोळी आणि सारख्या रक्ततपासण्या; किंवा प्राण्यांच्या ऊतीची, जी दहा-पंधरा वर्षांत झिजते. दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते पाहणारी तपासणी, करायला तालुक्याला जाणं कुणाला जमेल आणि कुणाला नाही, हाही प्रश्न आमच्याकडे तितकाच खरा असतो.

सर्जन ऑपरेशनमध्ये डावा वरचा कप्पा उघडून झडपेकडे वरून बघतो. थ्रीडीमध्ये नेमकं हेच दृश्य आधी उभं करता येतं: महाधमनी वर, घड्याळातल्या १२ वर, डाव्या कप्प्याची पिशवी ९ वर, पी-वन डावीकडे, पी-थ्री उजवीकडे. तुटलेली दोरी पाकळीच्या टोकाशी वळवळताना स्पष्ट दिसते. मी फोनवर “पी-टू आणि थोडा पी-थ्री, फ्लेल आहे” (फ्लेल म्हणजे दोरी तुटून पाकळी सुटी झालेली) म्हटलं की पलीकडच्याला कुठे टाका पडणार ते कळतं. छाती न उघडता जांघेतून नेलेल्या क्लिपने दोन पाकळ्या मधोमध जोडतात, त्या कामात तर सर्जनचे डोळे नसतातच. क्लिप झडपेला आडवी आहे की तिरकी, हे सारं थ्रीडीच्या पडद्यावर पाहून हलवायचं.

एवढं बारीक दिसायला छातीवरून घेतलेला इको सहसा पुरत नाही. मध्ये बरगड्या, हवेने भरलेलं फुप्फुस, चरबी. अन्ननलिका मात्र डाव्या वरच्या कप्प्याला अगदी मागून टेकून जाते. म्हणून बारीक प्रोब बसवलेली नळी गिळायला लावून तिथून पाहतात, हा टीईई. थ्रीडी जाळ्याचा प्रोब या नळीच्या टोकावर मावायला २००७ साल उजाडलं, आणि झडपेच्या कामात खरा फरक तिथून पडला.

नळीची भीती सगळ्यांनाच असते आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. घशाशी येतं तो अर्धा मिनिट नकोसा असतो. सहा तास उपाशी यायचं. कवळी काढून ठेवायची, हलणारा दात असेल तर आधी सांगायचं. घशात बधिर करणारा फवारा, शिरेतून थोडं गुंगीचं औषध, डाव्या कुशीवर झोपून तोंडात प्लॅस्टिकचा ठोकळा चावून धरायचा, आणि “गिळा” म्हटलं की गिळायचं. लाळ गिळू नका, बाहेर वाहू द्या. लाजायचं कारण नाही. पंधरा-वीस मिनिटांत होतं. घसा जागा होईपर्यंत तास-दोन तास पाणीही नाही, नाहीतर ठसका लागतो. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. अन्ननलिकेला इजा होणं फार क्वचित घडतं, पण घास अडकत असेल, अन्ननलिकेचं ऑपरेशन झालं असेल, रक्ताची उलटी झाली असेल किंवा लिव्हर सिरॉसिस असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

बाकीच्या झडपांबद्दल थोडक्यात. महाधमनीची झडप किती अरुंद झाली हे काढताना तिच्या खालच्या मार्गाचा व्यास मोजून, तो गोल धरून, क्षेत्रफळ काढतात. तो मार्ग बहुतेकांत लंबगोल असतो आणि टूडीत त्याची आखूड बाजू दिसते. आखूड बाजू २.० सेंटिमीटर आणि लांब २.५ असेल तर गोल धरून ३.१४ चौरस सेंटिमीटर येतात, प्रत्यक्षात ३.९३. वीस टक्क्यांची तूट, आणि ती झडप आहे त्याहून वाईट दाखवते. छाती न उघडता ही झडप बदलायची तर माप मुख्यतः सीटी स्कॅनवर घेतात. किडनीमुळे रंगद्रव्य देता येत नसेल तर थ्रीडी टीईई मदतीला येतो. उजवीकडच्या ट्रायकस्पिडच्या तिन्ही पाकळ्या टूडीत एकत्र सहसा दिसतच नाहीत. थ्रीडीत दिसायला लागल्यावर कळलं की पाठ्यपुस्तकात तीन म्हटलं असलं तरी बऱ्याच माणसांत चार असतात. बसवलेल्या कृत्रिम झडपेच्या कडेने टाके सुटून गळत असेल तर भोक घड्याळात किती वाजता आहे तेही समोरून सांगता येतं.

दिसलं ते सगळं खरं नसतं

थ्रीडीचं चित्र इतकं खरं वाटतं की त्यावर पटकन विश्वास बसतो. जवळचा भाग तांबूस, दूरचा निळसर, वर प्रकाश पाडल्यासारखी चमक. हे रंग शरीरातले नाहीत, यंत्राने खोली दाखवायला भरलेले आहेत. पातळ पाकळीवरून प्रतिध्वनी कमी आला आणि गेन, म्हणजे आलेला प्रतिध्वनी यंत्र किती वाढवतं ते, कमी ठेवलेला असला की यंत्र तिथे काहीच नाही असं समजतं आणि पाकळीत छान गोल भोक दाखवतं. गेन वाढवला की भोक बुजतं; फार वाढवला तर खरं भोकही बुजतं. म्हणून नियम असा की भोक दिसलं की त्यातून रक्त जातंय का हे रंगीत डॉप्लरने बघायचं आणि टूडीत परत जाऊन ताडायचं. धातूच्या झडपेमागे आणि चुन्याच्या गाठीमागे सावली पडते, तिथे कुठलाही इको आंधळाच असतो. पकडताना चित्र वाईट आलं असेल तर नंतर कितीही फिरवा, सुधारत नाही. छातीवरून टूडी धूसर दिसत असेल तर त्याच जागेवरून घेतलेला थ्रीडी त्याहून धूसरच येणार.

तेव्हा चेकअपला आलेल्या ठणठणीत माणसाने थ्रीडी मागून काही हाती लागत नाही. रिपोर्टमध्ये ‘ट्रेस एमआर’ किंवा ‘ट्रिव्हियल टीआर’, म्हणजे मायट्रलची किंवा ट्रायकस्पिडची किंचित गळती, लिहिलं असेल तर तेही थ्रीडीचं कारण नव्हे. चांगल्या झडपाही मिटताना थेंबभर गळतात आणि आजची यंत्रं तो थेंब दाखवतात. तक्रार आणि टूडीचा आकडा जुळत नसेल, बलून, दुरुस्ती, क्लिप किंवा झडप बदलणं यांपैकी काही ठरवायचं असेल, बसवलेली झडप बिघडल्याची शंका असेल, तर थ्रीडी करायला सांगतील आणि बहुधा टीईईच सांगतील. झडपेच्या ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला त्याच दिवशी विचारून घ्या. त्याला रेशनकार्ड आणि आधार लागेल, आणि तो जुने रिपोर्टही मागेल.

येताना जुन्या इकोचा नुसता कागद आणू नका, सीडी किंवा पेनड्राइव्हही आणा. कागदावर फक्त १.७ लिहिलेलं असतं, तो काप कुठून घेतला होता हे चित्रातच दिसतं. ज्यांना ऱ्हुमॅटिक तापासाठी पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी चालू आहे त्यांनी तपासणीच्या गडबडीत ते चुकवू नये. आणि रक्त पातळ होण्याची गोळी टीईईसाठी सहसा बंद करावी लागत नाही. कुणी शेजारी काही म्हणाला म्हणून ती स्वतःच थांबवू नका, ज्यांनी लिहून दिली त्यांना फोन करून विचारा.